अर्धचंद्री सुरी आणि माझा अंगठा

सुरी फिरली तेव्हा आवाज आला नाही. कातडं पुढे सरकायचं थांबलं एवढंच मला कळलं, म्हणून मी जोर वाढवला. मग खाली पाहिलं तर डाव्या अंगठ्याचं बूड उघडं पडलं होतं, आतून पांढरं, आणि क्षणभर त्यातून काहीच येत नव्हतं. नंतर रक्त आलं ते थांबेना. मला रक्त पातळ करायची गोळी चालू होती. हृदयाची झडप बदलल्यापासून ती रोज घ्यावी लागे, आणि साधं खरचटलं तरी अंगावर काढू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. मी सिंगापूरला सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या फरशीवर बसले होते. मांडीवर पट्ट्याच्या लांबीचं कातडं, आणि आतल्या खोलीत सून वैशाली ऑफिसच्या कॉलवर. ती घरून काम करायची त्या दिवशी खोलीचं दार लावलेलं असे, आणि दार लावलेलं असलं की हाक मारायची नाही, असा घरातला नियम होता. मी हाक मारली नाही. पदर अंगठ्यावर दाबला आणि आधी कातडं पाहिलं. जिथपर्यंत कापलं गेलं होतं तिथपर्यंत काप इतका सरळ होता की मला बरं वाटलं. त्याच्या पुढे डाग.

पदर भिजून जड झाला तेव्हा उठले, पायाने दारावर ठोकलं आणि खांद्याने दार ढकललं. वैशालीच्या कानावर हेडफोन होते. तिने मागे न बघता एक बोट वर केलं, एक मिनिट म्हणून. मी उभी राहिले. मग तिला स्क्रीनच्या काचेत माझी साडी दिसली असावी. ती वळली, "सॉरी, आय हॅव टू ड्रॉप," असं तिकडच्या लोकांना म्हणाली आणि हेडफोन टेबलावर टाकले. वैशाली नागपूरची. घाबरली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. भांडी पुसायचा टॉवेल तिने माझ्या हातावर एवढा आवळला की बोटं सुन्न झाली. "हात वर करा, आई. डोक्याच्या वर. खाली आणला तर बघा." लिफ्टमध्ये एक म्हातारा भाजीची पिशवी घेऊन उभा होता, तो आमच्याकडे न बघता पुढच्या मजल्यावर उतरला. टॅक्सीवाल्याने आधी सीटवर पेपर पसरले, मग आम्हाला बसू दिलं, आणि मग गाडी मात्र जोरात हाकली.

माझे पाय गुडघ्यापर्यंत गार पडले होते. डोळे मिटायला लागले की वैशाली कोपर मारायची.

"बोलत राहा, आई."

"काय बोलू?"

"काहीही. काय कापत होता?"

"पट्टा. रोझीचा."

"कशाने?"

"विळीने."

"आपल्याकडे विळी नाहीये, आई."

"केली होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, माझी शुद्ध हरपत चालली.

हॉस्पिटलमध्ये टाके घातले, रक्त थांबवायचं औषध दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. अंगठा वाकवणारी आतली दोरी अर्धी तुटली होती. ती त्यांनी शिवली. तरुण चिनी डॉक्टरीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, अंगठा पुन्हा वाकेल की नाही हे आत्ता सांगता येत नाही. वैशालीने ते मला मराठीत सांगितलं. मी विचारलं, त्यांनी कुठल्या टाक्याने शिवलं? वैशालीने ते काही विचारलं नाही.

आत्मचरित्रात माणसं लहानपण लिहितात. माझ्या लहानपणात लिहिण्यासारखं फार नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि कामाला लागले, ते मागच्या प्रकरणात येऊन गेलं. काही नवीन बघून वेड लागणं, दिवसभर त्याचाच विचार, चुकणं, मोठ्यांची बोलणी खाणं, हे वयात येतानाचं जे असतं ते माझ्या वाट्याला साठी उलटल्यावर आलं, आणि बोलणी खाल्ली ती पोटच्या मुलाकडून. करोनाच्या आधीची वर्षं होती ती. मिस्टर गेल्यावर प्रशांतने दापोडीची खोली भाड्याने दिली आणि मला सिंगापूरला आणलं. तिथे राहायला पास लागतो, त्याचे कागद त्यानेच केले. तो एका कंपनीत सॉफ्टवेअरचा मॅनेजर. भला माणूस आहे, फक्त त्याला घरातल्या प्रत्येक गोष्टीचा नियम लागतो. नात मिहिका सहावीत. तिला मराठी कळायचं, पण बोलायची इंग्रजीत आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला "लाह" लावायची.

सकाळी तिघं गेली की घर एकदम रिकामं व्हायचं. खिडकीबाहेर कोकीळ ओरडायची, आपल्याकडच्यापेक्षा दुप्पट मोठ्याने. लांबून एमआरटी, म्हणजे तिकडची लोकल, जाताना घरघर ऐकू यायची, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी गोट्या घरंगळवतंय असा आवाज रोज येई. मी स्वयंपाक उरकायचे. ज्वारीचं पीठ सेरंगूनकडच्या एका दुकानातून प्रशांत महिन्याचं आणून टाकायचा. सुके बोंबील भाजताना मला पहिल्यांदा भीती वाटली होती की शेजारी तक्रार करतील, पण शेजारी स्वतःच सुकी मासळी तळायचे, आणि त्यांच्या वासापुढे माझे बोंबील काहीच नव्हते. काम संपलं की मी खाली जायची. तिथे प्रत्येक इमारतीचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. दगडी टेबलं असतात, वर बुद्धिबळाचे चौकोन कोरलेले. तिथे आठवड्यातून काही सकाळी बायका नाचायच्या. साठीच्या, सत्तरीच्या चिनी बायका, डोक्यावर सिनेमातले अमेरिकन गुराखी घालतात तसल्या रुंद हॅट, पायात टाचांचे बूट, आणि ओळीने उभ्या राहून एकाच वेळी वळायच्या. त्याला लाइन डान्स म्हणतात. नाच मला काही विशेष वाटला नाही. माझं लक्ष त्यांच्या कमरेकडे गेलं.

त्यांच्या पट्ट्यांवर फुलं होती. छापलेली नाहीत, रंगवलेली नाहीत, कातड्यातच उठलेली. पाकळी वर आलेली आणि पाकळीच्या भोवतालची जागा खाली दबलेली, दबलेल्या जागेत बारीक ठिपके. मी एका बाईच्या इतक्या जवळ जाऊन बघायला लागले की ती दचकून थांबली. ती रोझी, त्या ग्रुपची पुढारी. मी बोटाने फूल दाखवलं आणि हात उलटा करून विचारलं, कसं? तिने हसून कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं. तिथे एक म्हातारा चाकांची सुटकेस उघडून बसला होता. त्याला सगळे अंकल सेंग म्हणायचे. आयुष्य जहाजाच्या गोदीत पत्रे कापण्यात गेलं. तिथे दुरुस्तीला आलेल्या बोटीवरच्या एका अमेरिकन माणसाकडून तो हे शिकला होता, आणि निवृत्त झाल्यावर नाचणाऱ्या बायकांचे पट्टे, घोडेस्वारीच्या क्लबातल्या लोकांचे लगाम, पिस्तुलं नसलेल्या लोकांसाठी पिस्तुलाची म्यानं, असं काय काय करायचा.

मी त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायचे. आठवडाभर तो आपलं काम करत राहिला. मग एक दिवस कॉफी आणली. तिकडे कॉफी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर दोरी बांधून देतात. एक पिशवी त्याने माझ्यापुढे टांगली आणि म्हणाला, "आंटी, सिट लाह. यू स्टँड, आय कॅनॉट वर्क." माझं इंग्रजी भाजीबाजारापुरतं. पण त्याच्याशी बोलायला "कॅन" आणि "कॅनॉट" एवढं पुरायचं. मी हात दाखवायचे, तो म्हणायचा कॅन. मी चुकायचे, तो म्हणायचा कॅनॉट. पुढे मी त्याला भाकरी आणि बोंबलाची चटणी नेऊन दिली. त्याने चटणीचा डबा नाकाशी धरला, एक घास खाल्ला आणि म्हणाला, "कॅन."

पहिली गोष्ट त्याने शिकवली ती कातडं कोणतं घ्यायचं. त्याच्याकडे दोन तुकडे होते. एक मऊ, काळं, पर्सला असतं तसं. त्यावर त्याने पाणी लावून लोखंडी ठसा ठोकला. ठसा उठला, आणि आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू पुसला गेला. दुसरा तुकडा फिकट, साखरेच्या पाकाच्या रंगाचा, कडक. झाडाच्या सालीत कमावलेला. त्यावर तोच ठसा ठोकला तो तसाच राहिला. मी दोन्ही तुकडे घरी आणून वाकवून, चावून, वास घेऊन पाहिले. पण साल वापरल्याने कातडं ठसा धरून का ठेवतं आणि दुसऱ्या रसायनाने का विसरतं, हे मला आजही कुणी नीट सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट पाणी. कोरड्या कातड्यावर ठसा उठत नाही, ओल्या कातड्यावर चिखलात उठावा तसा उठून पसरतो. स्पंजने ओलं करायचं आणि थांबायचं. किती थांबायचं ते घड्याळ सांगत नाही. रंग जवळजवळ पहिल्यासारखा झाला की कातडं उचलून गालाला लावायचं. गालाला गार लागलं पाहिजे, पण ओलं लागता कामा नये. अंकल सेंग पुन्हापुन्हा ते गालाला लावायचा आणि माझ्या हातात द्यायचा. मी लावायचे. एवढा मोठा पुरुष आणि एवढी मोठी बाई भर सकाळी कातडं गालाला लावून बसलेत, हे बघून नाचणाऱ्या बायका हसायच्या. रोझी ओरडायची, "अंकल, अंकल, मॅरी हर लाह!"

मग हत्यारं. कोरायची सुरी पेन्सिलसारखी धरायची नाही. उभी धरायची, तिच्या डोक्यावर खोबण असते त्यात पहिलं बोट ठेवून दाबायचं आणि अंगठ्याने, मधल्या बोटाने ती फिरवायची. सुरी जागेवर गर्रकन वळते, त्यामुळे पाकळीची गोलाई एका ओढीत निघते. ठसे ठोकायला लोखंडी हातोडा चालत नाही, ठशांची डोकी पसरतात. लाकडाचा किंवा कच्च्या कातड्याचा मोगर लागतो. खाली ग्रॅनाइटची लादी हवी, टेबलावर ठोकलं तर अर्धा जोर टेबल खातं. शिवायला दोन सुया, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना. एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी सुया जातात. एका बाजूचा धागा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मी आयुष्यभर गोधड्या शिवल्या, पण टाका असाही असतो हे मला ठाऊक नव्हतं. भोकं पाडायला त्याच्याकडे काट्यासारखं दातेरी हत्यार होतं, एका ठोक्यात ओळीने भोकं. ते सोपं. आणि आरी होती, एकेक भोक हाताने. मी आरी घेतली. दातेरी हत्याराने वळणावर भोकं वेडीवाकडी पडायची, आणि मला ते बघवत नसे.

सगळ्यात अवघड ती अर्धचंद्री सुरी. लाकडी मूठ आणि पुढे पसरट, चंद्रकोरीसारखं पातं. तिने कातडं कापतात. कातडं टेबलावर पडून राहतं आणि सुरी पुढे ढकलत न्यायची. अंकल सेंगने समजावलं, "नाइफ गो. लेदर स्टे." माझा हात ते ऐकेना. माझ्या हाताला पन्नास वर्षं उलटं ठाऊक होतं. विळीचं पातं उभं राहतं, त्याची धार आपल्याकडे, पायाने पाट दाबलेला, आणि दोन्ही हातांनी भाजी पात्यावर ढकलायची. पातं हलत नाही, भाजी हलते. टेबलावर ती सुरी ढकलताना माझी रेघ सापासारखी जायची. रोझीच्या ग्रुपचा कम्युनिटी क्लबात कार्यक्रम होता आणि तिचा पट्टा मी एकटीने करायचा असं ठरलं होतं. तो माझा पहिला. कडाच वाकडी असेल तर आतल्या फुलांना काय करायचं?

तेव्हा कातडं घरात येऊन महिना झाला होता आणि त्यावरून पहिलं भांडणही होऊन गेलं होतं. प्रशांतने एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर गुंडाळी पाहिली आणि बॅग खांद्यावरून न काढता उभा राहिला.

"हे काय आहे?"

"कातडं."

"ते दिसतंय. घरात का?"

"पट्टा करायचाय."

"आई, आपल्यात हे चालत नाही."

त्याचं कारण असं होतं. माझे सासरे गावात मेलेली जनावरं ओढायचे, सोलायचे. ते काम आमच्या लोकांवर लादलेलं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी सोलायची सुरी नदीच्या डोहात टाकली आणि घराला नियम घातला की यापुढे कातड्याला कुणी हात लावायचा नाही. ते मरेपर्यंत रबरी चपला घालत. मिस्टरांनी तो नियम पाळला, प्रशांतनेही पाळला. एवढ्या पगाराचा माणूस, ऑफिसला जाताना कापडी पट्टा लावायचा, बूटही कातड्याचे घ्यायचा नाही. त्याला आजोबांचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

मी म्हटलं, "मामंजींनी सक्तीचं काम टाकलं. मला कुणी सक्ती केलीय?"

"तो मुद्दा नाही."

"मग कोणता?"

"उद्या इथली आपली माणसं घरी आली आणि विचारलं, आई काय करतात, तर काय सांगू?"

"पट्टे करतात म्हणून सांग."

मिहिका म्हणाली, "पापा, इट्स जस्ट अ हॉबी, लाह." प्रशांत म्हणाला, तू जेव. शेवटी ठरलं की कातडं माझ्या खोलीत राहील आणि हॉलमध्ये येणार नाही. मी तो नियम कुणी घरात नसताना किंवा वैशालीचं दार लावलेलं असताना मोडायची, कारण माझ्या खोलीत पाय पसरायला जागा नव्हती.

शिवताना कातडं धरून ठेवायला एक लाकडी चिमटा असतो. खाली पाट, वर दोन उभे जबडे, स्क्रूने आवळायचे. अंकल सेंगने तो मला घरी नेऊ दिला होता. त्या सकाळी मी त्या चिमट्याकडे बघत बसले आणि मला तो पाट दिसला. मी सुरीची मूठ जबड्यात धरून आवळली, पातं उभं, धार माझ्याकडे. फरशीवर बसले, पाटावर पाय दिला. कातडं दोन्ही हातांनी पात्यावर ढकललं आणि ते असं कापत गेलं की मी मोठ्याने हसले. एक वीत, दोन वीत, अगदी सरळ. एवढं हसू मला त्या फ्लॅटमध्ये पूर्वी कधी आलं नव्हतं. पण विळीचं पातं पाटात खिळलेलं असतं आणि या सुरीची मूठ गोल होती. जबड्यात कातड्याचं अस्तर, गुळगुळीत. जोर वाढला तशी मूठ जागेवर फिरली. पुढचं वर लिहिलंच आहे.

हॉस्पिटलातून आले तेव्हा अंगठा आधाराच्या खपच्यांत बांधलेला होता. मिहिकाने मला बघून मान हलवली. "आजी, यू सो डेंजरस वन." तिसऱ्या दिवशी प्रशांतने सगळी हत्यारं आणि चिमटा एका मोठ्या पिशवीत भरला, कातडं तेवढं वैशालीला भरायला लावलं आणि पिशवी खाली नेली. मी खिडकीतून बघत होते. खाली काय झालं ते मला वैशालीने सांगितलं, ती मागोमाग गेली होती. प्रशांतने पिशवी टेबलावर ठेवली आणि नम्रपणे सांगितलं, थँक यू अंकल, आई आता हे करणार नाही. अंकल सेंगने पिशवी उघडून पाहिली, सुरी बाहेर काढली, धार अंगठ्यावर तपासली, परत ठेवली. म्हणाला, तुझी आई उद्या येईल आणि हे वर घेऊन जाईल. एका हाताने. म्हणजे तू आता खाली आणलंस आणि ती उद्या वर नेणार. दोनदा ओझं कशाला? प्रशांत पिशवी घेऊनच वर आला.

"बरं," तो मला म्हणाला. "पण दाराच्या आत नाही. बाहेर पॅसेजमध्ये बस, काय करायचं ते कर. आत हे येणार नाही."

"चालेल," मी म्हटलं. मला खरंच चालणार होतं. पॅसेजमध्ये वारा असायचा.

तिथे घरांच्या पुढे लांब उघडा पॅसेज असतो आणि प्रत्येक दाराला बाहेरून लोखंडी जाळीचं दार. मी जाळीच्या बाहेर चटई टाकली, जुनी गादी दुमडून तिच्यावर अंकल सेंगने दिलेली ग्रॅनाइटची लादी ठेवली, म्हणजे ठोकल्याचा आवाज खालच्या मजल्यावर जाणार नाही. डावा हात निकामी, पण मला कळलं की कोरायला एकच हात लागतो. कातड्यावर दोन वजनं ठेवली की ते हलत नाही. मी उजव्या हाताने फुलं कोरत बसले. जुन्या तुकड्यांवर, डाग पडलेल्या त्या पट्ट्यावरसुद्धा. डाव्या हाताच्या खपच्या निघाल्या तेव्हा अंगठा अर्धाच वाकला आणि शेंड्याला स्पर्श कळेना. सुई चिमटीत धरता येईना. दोन सुयांचा टाका घालायचा तर दोन चिमट्या लागतात. मी डावी सुई पहिल्या आणि मधल्या बोटात धरून पाहिली, विडी धरतात तशी. जमलं, पण टाका सैल. मग लहान पकडीने ओढून पाहिलं. टाका घट्ट, पण धागा खरवडला जायचा. पकडीच्या तोंडाला कातडं चिकटवलं, तेव्हा जमलं. दिवसच्या दिवस मी हे असलं काहीतरी करून बघत असायची, आणि खरं सांगायचं तर अंगठ्याचं दुःख करायला मला सवड झाली नाही.

पट्टे कापायचा प्रश्न अंकल सेंगने सोडवला. त्याच्याकडे एक लाकडी हत्यार होतं. पिस्तुलासारखी मूठ, वर आडवी दांडी, दांडीत छोटं पातं बसवलेलं. ते कातड्यावरून ओढतात. त्याने ते उलटं करून टेबलाला शिकंज्यात आवळलं, कातड्याचं टोक पात्यात सरकवून दिलं आणि मला म्हणाला, पुल. मी कातडं ओढलं. पातं जागेवर, कातडं चाललं. एकसारखी रुंदी, शेवटपर्यंत. मी त्याच्याकडे रागाने पाहिलं. हे आधी का नाही दाखवलं?

"यू नेव्हर आस्क," तो म्हणाला.

एका संध्याकाळी मी पॅसेजमध्ये फुलांच्या मागची जागा ठिपक्यांनी भरत बसले होते. हात ओले, भोवती ठसे पसरलेले. जाळी लोटलेली होती, कारण उघडी ठेवली की शेजारच्या घरातली मांजर आत शिरायची. वैशालीने चहा केला. मला उठायला नको म्हणून तिने जाळीच्या दोन गजांमधून कप बाहेर धरला आणि मी खाली बसूनच हात वर करून घेतला. त्याच वेळी लिफ्टचं दार उघडलं आणि प्रशांत बाहेर आला. आम्हाला बघून तो थांबला. काही कळायच्या आत त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, कातडं उंबऱ्याला लागलं म्हणून चिडला. मी लादी मागे सरकवायला लागले.

मग मलाही कळलं. मामंजींना गावात चहा असाच मिळायचा. ते पाटलाच्या अंगणात जमिनीवर बसायचे, आतून कुणीतरी कप पुढे करायचं, हात लागणार नाही असं. त्यांनी ते प्रशांतला लहानपणी मांडीवर बसवून सांगितलं होतं. कित्येकदा.

"वैशाली, दार उघड," तो म्हणाला.

"उघडंच आहे रे, लोटलंय फक्त."

"पूर्ण उघड."

तिने उघडलं. त्याने बॅग आत ठेवली, बाही वर केली आणि खाली वाकून लादी उचलली. ती जड आहे, अंकल सेंगलाही दोन हात लागायचे. त्याने ती आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली. गादी आणली. ठसे एकेक करून उचलले, कुठला कुठे ठेवायचा ते त्याला कळत नव्हतं, तरी ओळीने मांडले. शेवटी कातडं उरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते हातात घेतलं. बोटांच्या टोकांनी धरलं, मग पूर्ण पंजात धरलं.

"आत बस, आई."

"टेबलावर ठोकलं तर खालचे तक्रार करतील."

"करू दे."

"जेवायचं कुठे?"

"बघू."

मिहिका खोलीतून बाहेर आली, टेबलाकडे बघून म्हणाली, "देन वी ईट ऑन द सोफा?" तिला फार आनंद झाला. आम्ही त्या रात्री सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवलो. प्रशांतने भाकरी एक जास्त घेतली.

रोझीचा पट्टा झाला. डागाचा तुकडा तिला चालला नाही, रक्त लागलेलं कमरेला बांधलं तर वाईट होतं म्हणाली. तो मी टाकून दिला आणि दुसरं कातडं कापलं. कार्यक्रमाला वैशाली आली, तिने फोनवर व्हिडिओ काढला. त्यात बायकांच्या हॅट दिसतात, पट्टे काही दिसत नाहीत. प्रशांत आला नाही. तो अजून कापडी पट्टाच लावतो, आणि मी त्याला दुसरा कधी दिलेला नाही. त्याच्या आजोबांचा नियम त्याच्या कमरेपुरता त्याने ठेवला आहे, तो त्याचा हक्क आहे.

मी आता परत दापोडीला, आमच्याच खोलीत असते. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी, त्याच लादीवर काम करते. ती सामानात आणताना विमानतळावरच्या माणसाने विचारलं, आत दगड आहे का? मी म्हटलं, हो. अंकल सेंग करोनाच्या दुसऱ्या वर्षी गेला, आजाराने नाही, वयाने. रोझी गुडघे बदलून पुन्हा नाचते, असं वैशाली सांगते. माझा डावा अंगठा अर्धा वाकतो. हे सगळं जिच्यावर गुदरलं आणि जी त्यातून वाचली ती मी, सुमन साळवे, चौथी पास.